हात धरायला आठ भाग

"अजून हातसुद्धा धरला नाही त्यानं? आणि तू आठवा भाग बघतेयस?"

ज्या घरात कोरियन मालिका बघितल्या जातात, त्या घरातली न बघणारी माणसं हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. त्यात थट्टा असते, पण खरं कुतूहलही असतं. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर बसून गरम शेवया भुरकतायत. एक जण मान वर करून बघतो, दुसरी वाडग्यातच बघत राहते, कुणी काही बोलत नाही. आणि सोफ्यावर बसलेली व्यक्ती ओढणीनं डोळे पुसते. जाता-येता टीव्हीकडे नजर टाकणाऱ्याला कळत नाही की इथं रडण्यासारखं झालं तरी काय?

"नट देखणे असतात हो," असं सांगून सुटता येतं. ते खोटंही नाही. पण देखणे चेहरे जगातल्या सगळ्या पडद्यांवर मुबलक आहेत आणि त्यांच्याकडे बघून सहसा कुणी रडत नाही. उत्तर शोधायचं तर कोरियन मालिका बांधली कशी जाते ते आधी पाहायला हवं, आणि मग त्या बांधणीत मुख्य भूमिका करणारा नट काय करतो ते. अभिनयाबद्दल बोलायचं म्हणजे कथानक थोडंफार फुटणारच. एका मालिकेचं गुपित मात्र मी फोडणार नाही. ती कुठली ते पुढे येईल. आणखी एक छोटी गोष्ट. कोरियन नावात आडनाव आधी येतं. किम, ली, पार्क ही आडनावं आहेत आणि ती इतकी सर्रास आहेत की नुसत्या आडनावावरून बोलणं कुणाबद्दल चाललंय हे कळत नाही. म्हणून इथं नावं पूर्णच लिहिली आहेत.

१. सोळा भागांचा हिशेब

कोरियात रात्रीच्या मुख्य वेळेत लागणारी नेहमीची मालिका साधारण १६ भागांची असते. आठवड्यात लागोपाठ दोन रात्री एकेक भाग: सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार किंवा शनिवार-रविवार. आठ आठवड्यांत मालिका संपते, आणि संपते म्हणजे खरोखर संपते. दुसरं पर्व हा तिथं अपवाद आहे.

एक सोपा हिशेब करू. भाग ७० मिनिटांचा धरला तर १६ भागांची ११२० मिनिटं होतात, म्हणजे १८ तास ४० मिनिटं. अडीच तासांचे जवळजवळ साडेसात चित्रपट. आता आपल्याकडच्या रोजच्या मालिकेचा भाग जाहिराती वगळून २२ मिनिटांचा धरा. तेवढाच वेळ भरायला ५१ भाग लागतील, आठवड्याला सहाच्या हिशेबानं साडेआठ आठवडे. गंमत अशी की दोन्हीकडे दोन महिनेच होतात. पण दोन महिन्यांत आपल्याकडची सून जेमतेम माप ओलांडून घरात आलेली असते आणि तिचं पुढे काय व्हायचं ते टीआरपी ठरवणार असतो. तेवढ्याच वेळात कोरियन लेखिकेनं दोन माणसं भेटवलेली, तोडलेली, जोडलेली आणि कधी कधी म्हातारीही केलेली असतात.

शेवट कुठं आहे हे ठाऊक असण्याचा सर्वांत मोठा फायदा नटाला होतो. जी मालिका कधी संपणार याचा पत्ता नसतो, तिच्यात प्रत्येक भाग जिंकावा लागतो. रोज एक रडणं, रोज एक दचकणं, रोज चढता सूर. ज्याला सोळाव्या भागात पोचायचं आहे तो चौथ्या भागात हात राखून खेळू शकतो.

अपवाद अर्थातच आहेत. ऐतिहासिक मालिका बऱ्याच लांबतात. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काम करणारी मुलगी पुढे राजाची वैद्य होते, ही 'डे जांग गम'ची गोष्ट २००३-०४ मध्ये एमबीसी वाहिनीवर ५४ भाग चालली. ली यंग-ए या अभिनेत्रीनं ती भूमिका केली. ही मालिका पुढे आपल्या दूरदर्शननंही हिंदीत दाखवली, त्यामुळे कोरियन मालिका २०२० च्या टाळेबंदीत भारतात आल्या असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. मणिपुरात तर त्या त्याहून आधी पोचल्या. २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेनं हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि रिकामी झालेली जागा केबलवरच्या कोरियन वाहिनीनं भरली. हल्ली ओटीटीवर १२, १० किंवा ८ भागांच्या मालिकाही येतात. पण जिच्यावर हा सगळा अभिनय पोसला गेला ती बांधणी सोळाचीच.

२. लेखिकेचं राज्य

हिंदी चित्रपटाचं नाव घेतलं की आपण आधी नट विचारतो, मग दिग्दर्शक. कोरियात मालिकेची बातमी येते तेव्हा नटाच्या जोडीला लेखकाचं नाव असतं, आणि ते बहुतेक वेळा बाईचं असतं. किम उन-सूक, पार्क जी-उन, पार्क हे-योंग, किम उन-ही ही नावं तिथल्या सामान्य प्रेक्षकाला माहीत असतात. एक मालिका, एक लेखिका. पहिल्या संवादापासून शेवटच्या संवादापर्यंत तोच हात. म्हणून सुरुवातीच्या एखाद्या भागात सहज आलेली मेणबत्ती चौथ्या भागात परत येऊ शकते आणि नवव्या भागातलं एक पाऊल शेवटच्या भागात आठवतं. दर पंधरवड्याला लेखक बदलत राहिले तर मेणबत्ती कुणाच्या लक्षात राहणार?

या पद्धतीची दुसरी बाजू फार सुखाची नाही. कित्येक वर्षं तिथं अर्धी मालिका लिहून व्हायच्या आत प्रक्षेपण सुरू व्हायचं. उरलेले भाग चालू आठवड्यात लिहायचे आणि त्याच आठवड्यात चित्रित करायचे. नटाच्या हातात सेटवरच ताजी चार पानं पडायची आणि शेवटी शेवटी चित्रीकरण व प्रक्षेपण यांच्यात काही तासांचं अंतर उरायचं. प्रेक्षकांची प्रतिक्रिया पाहून कथा वळवता यायची, हा त्यातला फायदा सांगितला जाई. न झोपलेल्या माणसांच्या जिवावरचा फायदा! २०१६ ची 'डिसेंडंट्स ऑफ द सन' चीनमध्ये त्याच वेळी दाखवायची होती म्हणून आधी पूर्ण चित्रित करून ठेवली गेली, ती प्रचंड चालली, आणि हे करता येतं हे सगळ्यांना दिसलं. पुढे २०१८ च्या कायद्यानं कामाचा आठवडा ५२ तासांवर आणला आणि ओटीटीनं सगळे भाग आधी हातात मागितले. आता परिस्थिती बरीच बदलली आहे. तरी जुन्या मालिका बघताना बाराव्या-तेराव्या भागात कथा अडखळल्यासारखी वाटली, तर लेखिकेच्या टेबलावर त्या रात्री काय चाललं असेल याचा अंदाज करायला हरकत नाही.

३. भिशी

आता मूळ प्रश्नाकडे. आठ भाग हात न धरता काय होत असतं?

भिशी आठवून पाहा. दर महिन्याला प्रत्येक जण थोडे थोडे पैसे टाकतो. त्या दिवशी हातात काहीच येत नाही, उलट खिशातून जातात. पण ज्या महिन्याला आपला नंबर लागतो त्या महिन्याला एकरकमी मिळतं. कोरियन मालिकेतला चांगला प्रमुख नट अशी भिशी चालवतो. पहिल्या भागात त्यानं एक नजर टाकलेली असते. तिसऱ्यात बोलता बोलता अडखळलेलं अर्धं वाक्य. पाचव्यात पुढे होऊन मागे घेतलेला हात. प्रत्येक हप्ता इतका लहान की मध्येच टीव्हीसमोरून जाणाऱ्याला तो दिसत नाही. जो पहिल्यापासून भरतोय त्यालाच माहीत असतं की साठलंय किती. म्हणून शेवया भुरकण्याच्या दृश्यात एक जण रडतो आणि दुसरा विचारतो, झालं काय?

इथं 'राखून ठेवणं' आणि 'न करणं' यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. निर्विकार चेहरा ठेवणं सोपं आहे, तसे नट कोरियातही आहेत आणि त्यांच्या भिशीतून शेवटी काही निघत नाही, कारण आत काही पडलेलंच नसतं. राखून ठेवणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर भाव येताना दिसतो आणि मग तो आवरलेला दिसतो. दोन्ही दिसावं लागतं. त्यासाठी कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ हवा, आणि कोरियन दिग्दर्शक तो जवळ ठेवतातही. शिवाय बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा जरा जास्त थांबतो. ही सवय एकदा लक्षात आली की मालिका बघायची रीत बदलते. संवाद ज्याचा आहे त्याच्याकडे बघायचं सोडून आपण गप्प असलेल्या माणसाकडे बघू लागतो.

४. कॅप्टन री आणि सीमारेषा

'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात टीव्हीएन या केबल वाहिनीवर आलेली मालिका. पार्क जी-उनची लेखणी. दक्षिण कोरियातली श्रीमंत उद्योजिका युन से-री पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि सीमेपलीकडे, उत्तर कोरियाच्या बाजूला, झाडावर लटकते. खाली उभा असतो कॅप्टन री जोंग-ह्योक. या दोन भूमिका सोन ये-जिन आणि ह्युन बिन यांच्या. शेवटच्या भागाला देशभरात २१.७ टक्के प्रेक्षक मिळाले. केबल वाहिनीसाठी हा आकडा फार मोठा. पुढे मार्च २०२२ मध्ये दोघांनी खरोखर लग्न केलं, त्यामुळे या मालिकेबद्दल शांत डोक्यानं बोलणं चाहत्यांना जरा अवघडच जातं.

ह्युन बिन काय करतो हे कळायला त्याच्या आधीच्या भूमिका बघाव्यात. २००५ च्या 'माय लव्हली साम-सून'मध्ये तो एका रेस्टॉरंटचा उर्मट तरुण मालक होता. 'सीक्रेट गार्डन'मध्ये (२०१०-११) तर तोरा मिरवणारा धनाढ्य, आणि त्यात नायक-नायिकेच्या शरीरांची अदलाबदल, म्हणजे स्टंट करणारी मुलगी याच्या अंगात शिरलेली. तिथं त्याचं सगळं अंग बोलायचं. त्यानंतर तो सक्तीच्या लष्करी सेवेसाठी नौदलाच्या मरीन दलात गेला. बहुतेक कोरियन पुरुष नटांच्या कारकिर्दीत दीड-दोन वर्षांचा हा खळगा असतो.

कॅप्टन री या सगळ्याच्या उलट आहे. ताठ पाठ, उत्तरेकडचे हेल, मोजकं बोलणं. हा माणूस नियमानं जगतो. त्याच्या घरात आलेल्या बाईला शाम्पू हवा, सुगंधी मेणबत्ती हवी, सकाळी कॉफी हवी. तो एका शब्दानं तक्रार करत नाही आणि प्रेमानंही काही म्हणत नाही. कॉफीच्या बिया भाजतो, दळतो, कप पुढे ठेवतो. सुगंधी मेणबत्ती मागितल्यावर साधी मेणबत्ती आणतो, कारण मेणबत्तीला वास कशाला हवा हे त्याला कळत नाही. चौथ्या भागाच्या शेवटी ती बाजारात हरवते. अंधार, गर्दी, अनोळखी देश. आणि गर्दीच्या डोक्यावरून एक हात वर येतो, त्यात पेटलेली मेणबत्ती. या वेळी सुगंधी. ह्युन बिन ते दृश्य जवळजवळ हिशेब देतो तसं करतो: सामान बरोबर आणलंय ना, एवढंच विचारल्यासारखं. भुवई हलत नाही. प्रेमाची सगळी कबुली सोन ये-जिनच्या चेहऱ्यावर उमटते. बघणारी तीच, आपण नव्हे, आणि तिच्या डोळ्यांतून ती कबुली आपल्याला मिळते.

नवव्या भागाच्या शेवटी तो तिला सीमेपर्यंत पोचवतो. एक पाऊल पलीकडे टाकलं तर चालेल, असं स्वतःशी ठरवून तो रेषा ओलांडतो. ज्या माणसाला आपण इतके भाग नियमाबाहेर श्वास घेतानाही पाहिलेलं नाही, त्याचं ते एक पाऊल. शेवटच्या भागात त्याच प्रकारच्या रेषेवर, दोन्हीकडचे सैनिक उभे असताना, तो धावत सुटतो. आता ताठ पाठ राहत नाही, हेल आठवत नाहीत. सुरुवातीपासून तो असा धावला असता तर या धावण्याला किंमत राहिली नसती.

सोन ये-जिनबद्दल मात्र कमी लिहिलं जातं, आणि हा अन्याय आहे. ही मालिका ओढून नेण्याचं काम तीच करते. से-री सतत बोलते, बढाया मारते, घाबरते, भाव करते, आणि त्या बडबडीखाली लहानपणी सावत्र आईनं समुद्रकिनारी सोडून दिलेली मुलगी आहे हे ती आपल्याला विसरू देत नाही. विनोद आणि एकटेपण एकाच वाक्यात आणायचं काम गप्प राहण्यापेक्षा अवघड आहे. शिवाय चार सैनिक आणि गावातल्या बायकांची फळी आहे. किम सन-यंगसारख्या रंगभूमीवर घडलेल्या अभिनेत्री तिथं आहेत. त्या सैनिकांतला एक जण चोरून दक्षिणेच्या मालिका बघणारा वेडा चाहता आहे, आणि 'विंटर सोनाटा'नं (२००२) जपानला वेड लावणारी चोई जी-ऊ स्वतः एका दृश्यात त्याला भेटते. मालिकेनं मालिकांचीच केलेली ही थट्टा मला त्या मेणबत्तीइतकीच आवडते.

५. कानानं केलेला अभिनय

आतापर्यंत जे सांगितलं ते सगळं शुद्ध स्वरूपात पाहायचं असेल तर 'माय मिस्टर' (टीव्हीएन, २०१८). पार्क हे-योंगची पटकथा, किम वॉन-सोकचं दिग्दर्शन. हात धरणं वगैरे प्रश्नच इथं येत नाही, कारण ही प्रेमकथाच नाही. ती सुरू झाली तेव्हा पंचेचाळिशीचा पुरुष आणि एकविशीची मुलगी यांची जोडी म्हणून टीका झाली होती. पुढे ज्यांनी पाहिली त्यांतल्या बहुतेकांनी ती टीका मागे घेतली.

पार्क डोंग-हून हा बांधकाम कंपनीतला अभियंता. इमारती सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासणं त्याचं काम. महाविद्यालयात त्याच्या मागे असलेला मुलगा आता त्याचा साहेब आहे आणि त्याच साहेबाचं डोंग-हूनच्या बायकोशी प्रकरण चालू आहे. दोन भाऊ बेकार, आईच्या घरी. त्याच कार्यालयात ली जी-आन नावाची कंत्राटी मुलगी आहे. आईनं मागे ठेवलेलं कर्ज, दारात सावकार, घरी बोलू-ऐकू न शकणारी आजी. कार्यालयातून उचललेल्या कॉफीच्या पुड्या हे तिचं रात्रीचं जेवण. डोंग-हूनला नोकरीवरून घालवण्यासाठी ती त्याच्या साहेबाकडून पैसे घ्यायचं ठरवते आणि त्याच्या फोनमध्ये चोरून ऐकण्याची सोय करते.

आणि मग ती ऐकत राहते. हीच मालिकेची खरी कल्पना आहे. कानात इअरफोन घातलेली मुलगी आणि तिच्या कानात एका थकलेल्या माणसाचा दिवस: जिन्यावरची पावलं, रेल्वेचा आवाज, भावांशी बारमध्ये मारलेल्या गप्पा, उसासे. कुणी आपल्याबद्दल वाईट बोललं तर तो माणूस काय म्हणतो, तेही. हळूहळू तिला कळतं की हा माणूस पाठीमागेही तसाच बोलतो जसा समोर बोलतो.

ली जी-आनची भूमिका आय यू या गायिकेनं केली आहे. अभिनेत्री म्हणून ती ली जी-उन हे खरं नाव वापरायची. २००८ पासून कोरियातली अतिशय लाडकी पॉप गायिका, चेहरा सगळ्या जाहिरातींत. त्या चेहऱ्यावरून तिनं इथं सगळं पुसून टाकलं आहे. डोळे वर येत नाहीत, उत्तर एका शब्दाचं, खांदे नेहमी थंडी वाजल्यासारखे आवळलेले. तिच्या वाट्याला आलेलं काम विचित्र आहे: समोर कुणी नाही, बोलायचं काही नाही, फक्त ऐकायचं. अनेक दृश्यांत ती रस्त्यावर, खोलीत, बसमध्ये नुसती ऐकते. पहिल्या भागांत ती माहिती गोळा करणाऱ्यासारखी ऐकते, मध्ये कधीतरी ते ऐकणं सवयीचं होतं, आणि शेवटाकडे तो आवाज बंद झाला तर आपण पडू अशी ती ऐकते. या तीन ऐकण्यांमधला फरक तिनं कशानं दाखवला हे मी पुन्हा पुन्हा बघूनही नीट सांगू शकत नाही. चालण्याचा वेग बदलतो, एवढं नक्की.

तिच्या कानात जो आवाज आहे तो ली सन-ग्युनचा. हा नट कोरियात आवाजासाठीच ओळखला जायचा. खर्जातला, थोडा भिजलेला आवाज. 'कॉफी प्रिन्स'मध्ये (२००७) तो आवाज गोड होता, 'पास्ता'मध्ये (२०१०) तो स्वयंपाकघरात ओरडणारा शेफ होता. डोंग-हून ओरडत नाही. त्याच्या बोलण्यात वाक्य सुरू करायच्या आधी एक छोटा विराम आहे, जणू बोलावं की नाही याचा दर वेळी नव्यानं निर्णय होतोय. बायकोचं प्रकरण कळल्यावरही तो बराच काळ काही बोलत नाही. आपण मात्र प्रत्येक विरामात ते ऐकतो. आजीला चंद्र बघायचा असतो म्हणून जी-आन तिला दुकानातल्या सामानाच्या ढकलगाडीत बसवून नेते. वाटेत भेटलेला डोंग-हून म्हातारीला उचलून चढावर नेतो. त्या दृश्यात तो दयाळूपणाचा अभिनय करत नाही. ओझं आहे म्हणून उचललं, इतक्या साध्या अंगानं तो ते करतो, आणि पोचवून झाल्यावर निघून जातो.

आपलं बोलणं चोरून ऐकलं जातंय हे त्याला शेवटी कळतं. मग तो हातातल्या फोनकडे बघत, कुणाशी न बोलता, तिला सांगतो की मला फोन कर. इतके दिवस एका बाजूनं वाहणारा आवाज पहिल्यांदा पत्ता लिहून पाठवलेला असतो. राग दाखवायची सगळी सोय कथेनं करून ठेवलेली असताना ली सन-ग्युन ते वाक्य काळजीनं म्हणतो. माझ्या मते कोरियन मालिकांतला हा अभिनयाचा सर्वांत उंच क्षण आहे, आणि त्यात एक माणूस फोन हातात घेऊन उभा आहे, बाकी काही नाही.

२०१९ च्या बेकसांग या मानाच्या पुरस्कारांत 'माय मिस्टर'ला उत्कृष्ट मालिकेचा आणि पार्क हे-योंगला पटकथेचा मान मिळाला. त्याच वर्षी 'पॅरासाइट' चित्रपटातला श्रीमंत घरमालक म्हणून ली सन-ग्युनला जगानं पाहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये तो गेला. वय ४८.

६. देखणेपण बाजूला ठेवलं की

सुरुवातीचं 'नट देखणे असतात' हे उत्तर किती अपुरं आहे हे काही भूमिका दाखवतात. 'माय लव्हली साम-सून'मध्ये किम सन-आनं वजन वाढवून तिशीला टेकलेली, नाव जुनाट म्हणून बदलायला निघालेली केक-पेस्ट्री करणारी बाई रंगवली. शेवटच्या भागाला पन्नास टक्क्यांवर प्रेक्षक होते. 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू'मध्ये (२०२२) पार्क उन-बिन स्वमग्न वकील झाली. मालिका एका नवख्या वाहिनीवर ०.९ टक्क्यानं सुरू होऊन १७.५ टक्क्यांवर संपली. ही भूमिका तिनं आधी नाकारली होती. तिच्या अभिनयाचं कौतुक झालं, आणि स्वमग्न माणूस म्हणजे अलौकिक बुद्धीचा असाच का दाखवायचा, हा प्रश्नही कोरियातच विचारला गेला. दोन्ही गोष्टी योग्य आहेत.

पण मला सांगायचं आहे किम हे-जाबद्दल. जन्म १९४१. 'कंट्री डायरीज' या ग्रामीण कुटुंबाच्या मालिकेत ती १९८० पासून २००२ पर्यंत आई होती; कोरियानं तिला देशाची आईच करून टाकलं. २०१९ मध्ये जेटीबीसी वाहिनीच्या 'द लाइट इन युअर आइज' या १२ भागांच्या मालिकेत ती पंचविशीच्या मुलीची भूमिका करते. मुलीकडे काळ मागे फिरवणारं घड्याळ असतं, वडिलांना अपघातातून वाचवण्यासाठी ती ते फिरवत राहते आणि त्याची किंमत म्हणून एका सकाळी म्हातारी होऊन उठते. तरुणपणीची भूमिका हान जी-मिन करते. किम हे-जा तरुण दिसायचा कुठलाही प्रयत्न करत नाही. गुडघे तिचेच, आवाज तिचाच. फक्त जिना चढताना तिला दर वेळी आश्चर्य वाटतं. या शरीराला हे जमत नाही हे अजून अंगवळणी न पडलेल्या माणसाचं आश्चर्य. त्यानंतर दहाव्या भागात जे घडतं ते मी सांगणार नाही; ते कळल्यावर आधीचे नऊ भाग पुन्हा बघावेसे वाटतात आणि तेव्हा दिसतं की तिनं पहिल्या भागापासून दोन भूमिका एकाच वेळी केल्या होत्या. त्या वर्षीच्या बेकसांगचा सर्वोच्च पुरस्कार तिलाच मिळाला.

७. मध्येच सँडविच कुठून येतं?

नव्या प्रेक्षकाला खटकणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे: मनगट धरून ओढून नेणं, लहानपणी नकळत झालेली भेट, सोयीनं होणारा अपघात, त्याहून सोयीचा स्मृतिभ्रंश. हे सगळं मेलोड्रामाचं जुनं सामान आहे आणि आपल्याला त्यात नवीन काही नाही.

सँडविचचं मात्र कारण सांगण्यासारखं आहे. गंभीर प्रसंगात नायक-नायिका अचानक एका विशिष्ट दुकानात जाऊन सँडविच का खातात? कोरियातल्या केबीएस, एमबीसी, एसबीएस या मोठ्या वाहिन्यांना बराच काळ भागाच्या मध्ये जाहिराती दाखवायला मनाई होती. ती २०२१ मध्ये उठली. दुसरीकडे २०१० पासून कार्यक्रमाच्या आतच वस्तू दाखवून पैसे घ्यायला परवानगी होती. खर्च वाढत गेला, भागाच्या मध्ये जाहिरात येऊ शकत नव्हती, मग ती गोष्टीत शिरली. म्हणून नायिकेच्या पर्समधली लिपस्टिक कॅमेऱ्याकडे तोंड करून उघडते. कधी अतिरेक होतो. २०२१ च्या 'विन्सेन्झो'मध्ये भात-भाज्यांचा बिबिम्बाप हा कोरियन पदार्थ चिनी कंपनीच्या तयार डब्यातून खाताना दाखवला, प्रेक्षक भडकले आणि ते दृश्य काढावं लागलं. चांगल्या नटाची परीक्षा अशा ठिकाणीही होते: तो ते सँडविच भूक लागल्यासारखं खातो.

८. कुठून सुरू करावं

हलकंफुलकं हवं असेल तर 'क्रॅश लँडिंग ऑन यू'. कुटुंबानं एकत्र बसून बघायला 'रिप्लाय १९८८' (२०१५-१६): सोलमधल्या एका गल्लीतली पाच घरं, आणि त्यात आईबापांच्या भूमिका तरुणांइतक्याच महत्त्वाच्या. पहिले दोन भाग सहसा गोंगाटाचे असतात, कारण वाहिनीला प्रेक्षक धरायचा असतो. तेवढ्यावर मत बनवू नये. 'माय मिस्टर' सुरुवातीला काळोखी आणि संथ वाटते. ती पहिली मालिका म्हणून घेऊ नका, तिसरी-चौथी म्हणून घ्या.

डब केलेली बघावी की मूळ आवाजात? हिंदी डबिंग पुष्कळ सुधारलं आहे आणि स्वयंपाक करता करता बघणाऱ्यांची ती गरजही आहे. पण या लेखात ज्याला अभिनय म्हटलं त्याचा निम्मा भाग आवाजात आहे. ह्युन बिनचे उत्तरेकडचे हेल आणि ली सन-ग्युनचा वाक्याआधीचा विराम डबिंगमध्ये राहत नाहीत. शिवाय कोरियनमध्येही अहो-जाहो आणि अरे-तुरे यांचे थर आहेत. दोन माणसं कुठल्या भागात एका थरावरून दुसऱ्यावर उतरतात हे इंग्रजी सबटायटल्समध्ये दिसत नाही, पण क्रियापदांचे शेवट सवयीनं कानावर पडू लागले की मराठी माणसाला ते लवकर ओळखू येतं. तेव्हा मूळ आवाज चालू ठेवून खाली सबटायटल्स लावावीत. शेवयांचं दृश्य आलं की त्याही वाचायची गरज पडत नाही, कारण तिथं कुणी बोलतच नसतं.